भाजलेल्या जखमेवरचा प्रकाश : एका जुन्या शोधाचे पुनरागमन

मोठ्या प्रमाणावर भाजलेला रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीरातील द्रव कमी होऊन दगावू शकतो, आणि त्यातून तो वाचला तर पुढच्या काही आठवड्यांत जखमेतील जंतुसंसर्ग त्याच्या जिवावर उठतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच शल्यवैद्यांच्या पुरते ध्यानात आले होते. पहिल्या धोक्यावर शिरेतून क्षारयुक्त द्रव देण्याचा उपाय हळूहळू पक्का होत गेला. दुसऱ्याचा बंदोबस्त मात्र प्रतिजैविके आल्यानंतरही पुरता झाला नाही, आणि त्याचे कारण जखमेच्या रचनेतच आहे. बर्मिंगहॅम येथील डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या भागाचे तीन पट्टे वर्णिले : मध्यभागी पूर्णपणे मृत झालेले ऊतक, त्याच्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला भाग आणि सर्वांत बाहेर लालसर सुजलेला भाग. मध्यभागच्या मृत पट्ट्यातील रक्तवाहिन्या उष्णतेने गोठून बंद झालेल्या असतात आणि तेथे मृत त्वचेचा जो चिवट थर तयार होतो, त्याला वैद्यकात ‘एशर’ म्हणतात. ओलसर, उबदार आणि प्रथिनांनी भरलेला हा थर जंतूंना आयते अन्न पुरवतो. पण शरीराच्या संरक्षक पेशी आणि तोंडाने किंवा शिरेतून दिलेले औषध या दोहोंची ने-आण करणारे रक्त तेथे पोहोचत नाही. एका रंगद्रव्याने आणि साध्या प्रकाशाने जंतू मारण्याची पद्धत पेनिसिलिनच्या आधी सापडून, मागे पडून, शंभर वर्षांनी याच जखमेपाशी का परत आली, याचे उत्तर या एका शारीरिक वस्तुस्थितीत आहे.

प्रकाशाने जिवाणू मरतात हे आर्थर डाउन्स आणि थॉमस ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्येच दाखवून दिले होते. उन्हात ठेवलेल्या परीक्षानळ्यांतील द्रव स्वच्छ राहतो आणि अंधारातल्या नळ्यांतील द्रव गढूळ होतो, इतका त्यांचा प्रयोग सरळ होता. त्यानंतर वीस वर्षांनी म्युनिक येथे जे आढळले ते मात्र वेगळ्या जातीचे होते. तेथील औषधशास्त्राचे प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी १८९७-९८ च्या हिवाळ्यात अक्रिडिन या रंगद्रव्याचा पॅरामीशियम या एकपेशीय जीवावर होणारा विषारी परिणाम मोजत होता. द्रावण तेच, तीव्रता तीच, तरी जीव मरायला लागणारा वेळ दिवसागणिक बदलत होता. एखाद्या उतावळ्या विद्यार्थ्याने हा फरक मोजणीतील दोष म्हणून सोडून दिला असता. राबने मात्र प्रयोगशाळेतील उजेडाकडे लक्ष दिले आणि आभाळ भरून आलेल्या दिवशी जीव जास्त काळ तगतात हे ताडले. अंधारात अक्रिडिन जवळजवळ निरुपद्रवी होते आणि रंगद्रव्याशिवाय नुसता तो प्रकाशही तसाच होता. मारक ठरत होता तो दोहोंचा संयोग. हे निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे टापायनर आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट योडल्बाउअर यांनी या क्रियेला ऑक्सिजनही लागतो हे सिद्ध केले आणि १९०४ मध्ये तिला ‘फोटोडायनॅमिक’ क्रिया असे नाव दिले.

या क्रियेचे अंतरंग उलगडायला आणखी काही दशके लागली. प्रकाशाचा कण शोषून घेतलेला रंगद्रव्याचा रेणू उत्तेजित होतो आणि आपली जादा ऊर्जा तो दोन मार्गांनी बाहेर टाकू शकतो : एकतर शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करून विध्वंसक मुक्त कण निर्माण करतो, नाहीतर ती ऊर्जा थेट ऑक्सिजनला देऊन त्याचे ‘सिंगलेट ऑक्सिजन’ या अतिक्रियाशील रूपात परिवर्तन करतो. असे रूप असावे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स काउत्स्की यांनी १९३१ मध्ये सुचवले, परंतु १९६४ पर्यंत त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पाण्यात या ऑक्सिजनचे आयुष्य काही मायक्रोसेकंदांचे असते, आणि तेवढ्या वेळात तो जिवाणूच्या रुंदीइतकेही अंतर कापू शकत नाही. म्हणून रंगद्रव्य जिथे चिकटले असेल तिथेच इजा होते. पण त्या जागी जे सापडेल, मग ते प्रथिन असो, पेशीपटलातील मेद असो की जनुकद्रव्य असो, त्या सर्वांचे नुकसान होते. प्रतिजैविक बहुधा जिवाणूच्या एखाद्याच विकरावर किंवा एखाद्याच रचनेवर नेम धरते, आणि जिवाणूने तेवढा एक भाग बदलला की औषध निष्प्रभ होते. येथे बदलायचे तरी काय काय, असा प्रश्न जिवाणूपुढे उभा राहतो. भारतीय वाचकाला या संदर्भात पांढऱ्या कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसवण्याचा आयुर्वेदातील उपाय आठवेल. वरवर पाहता तो याच कुळातला वाटतो. तथापि बावचीतील सोरालेन ऑक्सिजनची वाट न पाहता अतिनील किरणांच्या साहाय्याने थेट जनुकद्रव्याशी जोडले जाते, त्यामुळे त्याचे शास्त्र निराळे ठरते.

म्युनिकमध्येच १९०३ साली टापायनर आणि त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट येसिओनेक यांनी इओसिन हे रंगद्रव्य त्वचेच्या कर्करोगावर लावून प्रकाश टाकण्याचे प्रयोग केले. त्याच वर्षी कोपनहेगनच्या नील्स फिनसेन यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्बन कमानदिव्याचा प्रकाश भिंगांनी एकवटून ते त्वचेचा क्षयरोग बरा करीत. फिनसेन यांची समजूत अशी होती की दिव्यातील अतिनील किरणच क्षयजंतूंना मारतात. त्यांची उपकरणे अजून शिल्लक आहेत, आणि डेन्मार्कमधील संशोधकांनी ती पुन्हा तपासून २००५ मध्ये दाखवले की त्या भिंगांमधून लघुलहरींचे अतिनील किरण मुळी पलीकडे जातच नव्हते. क्षयजंतूच्या स्वतःच्या पोटात असलेली पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये निळा-जांभळा प्रकाश शोषून सिंगलेट ऑक्सिजन तयार करीत असावीत. म्हणजे नोबेल मिळवून देणारा तो उपचार बहुधा फोटोडायनॅमिक होता, आणि त्याच्या जनकाला त्याचा पत्ता नव्हता. बाहेरून कोणतेही रंगद्रव्य न लावता नुसत्या निळ्या प्रकाशाने जंतू मारण्याचे जे प्रयत्न आज होत आहेत, त्यांचे मूळ येथे सापडते.

यानंतर रंगद्रव्य आणि प्रकाश या दोन धाग्यांची फारकत झाली. रंगद्रव्ये रुग्णालयात राहिली, परंतु प्रकाशाशिवाय. पहिल्या महायुद्धात लंडनच्या कार्ल ब्राउनिंग यांनी अक्रिडिनच्याच कुळातील अक्रिफ्लेविन सैनिकांच्या जखमांवर जंतुनाशक म्हणून वापरात आणले. अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी १९३३ मध्ये भाजलेल्या जखमांवर जेंशन व्हायोलेट लावण्याची पद्धत मांडली, आणि भाजलेल्यांचे मरण केवळ जळण्याच्या विषाने ओढवते या तत्कालीन समजुतीला छेद देऊन संसर्गाला त्याचा दोष दिला. मराठी घरांत ‘लाल औषध’ म्हणून पिढ्यानपिढ्या गुडघ्यांवर लागलेले मर्क्युरोक्रोमदेखील रसायनदृष्ट्या इओसिनचे भावंड होते. या औषधांपैकी कित्येकांत प्रकाशाने चेतवले जाण्याचा गुण होता. पण त्यांच्यावर पट्टी बांधून तो गुण झाकून टाकला जाई, आणि म्युनिकच्या निष्कर्षांची त्या दालनांत कोणी आठवणही काढीत नसे.

पेनिसिलिनने तर आठवण काढण्याची गरजच संपवली. बोस्टन शहरातील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री आग लागून ४९२ माणसे मृत्युमुखी पडली, आणि जे भाजून वाचले त्यांच्यासाठी न्यू जर्सीतील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतून पेनिसिलिनयुक्त द्रवाचे ३२ लिटर रातोरात रवाना झाले. तोवर युद्धासाठी गुप्त राखलेले हे औषध अशा रीतीने लोकांच्या चर्चेत आले. प्रत्यक्षात दिलेली मात्रा आजच्या मानाने अगदी तुटपुंजी होती, सोबत सल्फा औषधेही दिली जात होती, आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रुग्णांना जो गुण आला त्यात जखमा टॅनिक आम्लाने न रापवता मलमाच्या मऊ पट्टीने झाकण्याच्या नव्या पद्धतीचा वाटा मोठा होता. तरी लोकांच्या मनात यशाचा मानकरी पेनिसिलिनच ठरले. ज्या काळात एका सुईने रक्तातील संसर्ग हटतो असे दिसत होते, त्या काळात दिवे आणि रंग घेऊन जखमेशी बसण्याचा खटाटोप कोणी का करावा? हे दुर्लक्ष अज्ञानातून झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या वेळच्या माहितीनुसार ती निवड शहाणपणाचीच होती.

ती निवड अपुरी आहे हे मात्र फार लवकर दिसू लागले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस या पू निर्माण करणाऱ्या जिवाणूचे नमुने तपासले तेव्हा पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते आणि १९४८ पर्यंत ते निम्म्याच्या वर गेले. मेथिसिलिन हे नवे औषध १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद केली. पुढे ‘एमआरएसए’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला जंतू तो हाच. भाजलेल्यांच्या कक्षात याहून वेगळे संकट उभे राहिले. स्टॅफिलोकॉकसला आवर बसला की त्याची जागा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू घेई, ज्याच्यामुळे पट्ट्यांवर निळा-हिरवा पू दिसतो आणि ज्याच्यावर पेनिसिलिनची मुळीच मात्रा चालत नाही. टेक्सासमधील ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरमध्ये १९६० च्या दशकात झालेल्या अभ्यासांतून असे दिसले की जंतू आधी मृत थरात वाढतात आणि ऊतकाच्या दर ग्रॅममागे त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली की ते खालच्या जिवंत ऊतकात घुसू लागतात. ही संख्या खाली ठेवण्यासाठी वरून लावायची औषधे पुन्हा मानाने परतली : कार्ल मॉयर यांचे अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण, ब्रुकमधील मॅफेनाइडचे मलम आणि १९६८ मध्ये चार्ल्स फॉक्स यांनी बनवलेले सिल्व्हर सल्फाडायझिन. युगोस्लाव्हियातील मारिबोर येथे झोरा यांझेकोविच यांनी तर मृत थर काही दिवसांतच पातळ पापुद्र्यांनी तासून काढून त्यावर लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत रूढ केली, आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध केली. या साऱ्या इतिहासात भाजलेल्यांचे प्राण सर्वाधिक वाचवले ते बहुधा या शस्त्रक्रियेने, औषधांनी नव्हे. परंतु ज्याचे अंग निम्म्याहून जास्त भाजले आहे त्याच्या शरीरावर रोपणाला पुरेल इतकी निरोगी त्वचाच उरत नाही, आणि अशा रुग्णाला कितीतरी आठवडे उघड्या जखमा घेऊन दिवस काढावे लागतात.

प्रकाशाचा धागा या काळात कर्करोगतज्ज्ञांनी जिवंत ठेवला. बफेलो येथील टॉमस डॉहर्टी यांनी १९७० च्या दशकात पॉर्फिरिनपासून बनवलेले द्रव्य आणि लाल प्रकाश यांचा अर्बुदांवर वापर केला. त्यातून निघालेल्या फोटोफ्रिन या औषधाला कॅनडाने १९९३ मध्ये मान्यता दिली. लेझर, प्रकाशतंतू आणि प्रकाशमात्रा मोजण्याची साधने या उपचारासाठीच सुधारत गेली, आणि जंतूंकडे परतणाऱ्या संशोधकांना ती तयारच मिळाली. तेथे पहिलीच अडचण आली ती जिवाणूंच्या भिंतीची. ज्यांची भिंत जाड पण सच्छिद्र असते ते ग्रॅम-धन जिवाणू पॉर्फिरिन आणि प्रकाशाने सहज मरत. स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-ऋण जिवाणू मात्र ऋणभारित बाह्यपटलाआड सुखरूप राहत. इस्रायलमधील झ्वी मलिक आणि येशयाहू नित्झान यांच्या गटाने पॉलिमिक्सिन या प्रतिजैविकाच्या, जंतू मारण्याची ताकद काढून घेतलेल्या तुकड्याने ते पटल सैल करून रंगद्रव्य आत शिरवले. प्रकाश आणि प्रतिजैविक यांची जोडी जुळली ती प्रथम अशी. इटलीतील पादोव्हा आणि इंग्लंडमधील लीड्स येथील गटांनी १९९६ मध्ये अधिक सोपी वाट काढली : रंगद्रव्यावरच धनभार चढवला की ते ऋणभारित पटलाकडे आपोआप ओढले जाते आणि मदतनीसाची गरज उरत नाही. रंगकाम करणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेल्या मिथिलीन ब्लू आणि टोलुइडिन ब्लू या निळ्या रंगांवर असा धनभार मुळातच असतो.

भाजलेल्या जखमेवरचा यातील आरंभीचा प्रयोग इस्रायली गटानेच १९९७ मध्ये गिनीपिगांवर केला. त्यानंतर हे काम मुख्यतः बोस्टनमध्ये, म्हणजे कोकोनट ग्रोव्हचे रुग्ण ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात दाखल झाले होते तेथील वेलमन केंद्रात, मायकेल हॅम्ब्लिन आणि तय्यबा हसन यांच्या चमूने पुढे नेले. त्यांनी जंतूंमध्ये स्वतःहून प्रकाशण्याची जनुके घातली आणि अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने जिवंत उंदराच्या जखमेतील जंतूंची घटती-वाढती संख्या प्रत्येक टप्प्यावर पाहिली. त्यासाठी प्राणी मारून ऊतक तपासण्याची गरज उरली नाही. कापलेल्या जखमेत स्यूडोमोनास सोडलेले जे उंदीर एरवी संसर्ग रक्तात पसरून मेले असते, त्यांतील बहुसंख्य या उपचाराने वाचले असे त्यांनी २००३ मध्ये नोंदवले. भाजलेल्या जखमेतील स्टॅफिलोकॉकसवरचा प्रयोग २००५ मध्ये आला, आणि २००९ मध्ये असिनेटोबॅक्टर बाउमानी या जंतूवरचा. इराकमधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या जखमांत सापडल्यामुळे आणि बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानल्यामुळे या जंतूने त्या वर्षांत वैद्यकांची झोप उडवली होती.

या प्रयोगांनी पद्धतीची ताकद दाखवली तशा तिच्या मर्यादाही उघड केल्या. दिवा बंद झाला की मारा थांबतो, शिल्लक राहिलेले जंतू पुन्हा वाढू लागतात, आणि जखमेतून रक्तात शिरलेल्या जंतूंपर्यंत कोणताही दिवा पोहोचत नाही. लाल प्रकाश ऊतकात काही मिलिमीटर उतरतो, निळा एक मिलिमीटरही धड जात नाही. शिवाय जखमेतील स्राव आणि प्रथिने रंगद्रव्यही अडवतात आणि सिंगलेट ऑक्सिजनही गिळून टाकतात. प्रतिजैविकाची स्थिती नेमकी उलट आहे : ते रक्तातून सर्व शरीरभर फिरते आणि तासन्‌तास टिकते, पण मृत थरात त्याला रस्ता नसतो, आणि भाजलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे पुष्कळदा औषध इतक्या वेगाने बाहेर टाकतात की नेहमीची मात्रा अपुरी पडते. एकाचे उणे ते दुसऱ्याचे अधिक ठरत असल्याने दोहोंची सांगड घालण्याची कल्पना तर्काला धरून होती. ब्राझीलमधील एका अभ्यासात २०१६ मध्ये मिथिलीन ब्लू आणि प्रकाश यांच्या जोडीला सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिल्यावर बायोफिल्ममधील, म्हणजे चिकट आवरणाखाली वसाहत करून राहणाऱ्या, जिवाणूंवर एकेकट्या उपचारापेक्षा अधिक परिणाम झाला. पोलंडमधील ग्दान्स्क येथील गटाने निळा प्रकाश आणि प्रतिजैविके यांचा स्यूडोमोनासवर असाच परस्परपूरक परिणाम २०१७ मध्ये दाखवला. यामागची कारणमीमांसा अशी की पेशीपटल आधीच फाटल्याने औषध आत सहज शिरते, आणि औषध निष्प्रभ करणारी जिवाणूची विकरेही सिंगलेट ऑक्सिजनच्या माऱ्यात सापडतात.

या मिलाफाचा उदोउदो करणाऱ्या लेखनात दोन गोष्टी बहुधा दबक्या आवाजात सांगितल्या जातात, म्हणून त्या येथे स्पष्ट नोंदवणे योग्य ठरेल. प्रकाशाविरुद्ध जिवाणू प्रतिकार मिळवूच शकत नाहीत, हे विधान अतिशयोक्त आहे. हॅम्ब्लिन यांच्याच गटाने २००६ मध्ये दाखवले की काही जिवाणू ज्या पेशीपंपांनी प्रतिजैविके बाहेर फेकतात, त्याच पंपांनी मिथिलीन ब्लूच्या कुळातील रंगही बाहेर टाकतात. आणि ग्दान्स्कमध्ये २०१९ मध्ये असे आढळले की अपुऱ्या मात्रेचा प्रकाश वारंवार दिल्यास स्टॅफिलोकॉकस काही अंशी सहनशील होतो. दुसरे म्हणजे, सिंगलेट ऑक्सिजनला जंतू आणि औषध यांतला भेद कळत नाही; म्हणून औषध आधी द्यावे की प्रकाश आधी, हा प्रश्न प्रत्येक औषधाबाबत स्वतंत्रपणे सोडवावा लागतो.

मानवी रुग्णांवरचा पुरावा आजवर जमला आहे तो शेजारच्या आजारांत. पायाचे जुनाट व्रण आणि मधुमेहामुळे झालेले पायाचे व्रण यांवर ‘पीपीए-९०४’ हे रंगद्रव्य आणि लाल प्रकाश वापरून ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत एकूण ३२ रुग्ण होते; उपचारानंतर जंतूंची संख्या लगेच घटली आणि पायाच्या जुनाट व्रणांच्या गटात उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्यांचे व्रण तीन महिन्यांत भरून आले. कॅनडातील व्हँकुव्हर येथे शस्त्रक्रियेआधी ३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नाकपुड्यांत मिथिलीन ब्लू लावून लाल प्रकाश दिला गेला, सोबत जंतुनाशक पुसण्यांनी अंग पुसले गेले, आणि शस्त्रक्रियेच्या जागी होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण आधीच्या रुग्णांच्या तुलनेत घटल्याचे २०१४ मध्ये सांगण्यात आले. अर्थात दोन उपाय एकदम केल्याने त्यातले यश कोणाचे किती, हे वेगळे काढता येत नाही. भाजलेल्या जखमेबाबत पुरावा अजून मुख्यतः उंदीर आणि गिनीपिग यांच्यापुरता आहे, आणि तळहाताएवढ्या जागेवर जमणारी प्रकाशमात्रा निम्म्या अंगावर, वेदनेने विव्हळणाऱ्या रुग्णाला, दररोज कशी द्यायची, हा व्यावहारिक प्रश्न प्रयोगशाळेत सुटण्याजोगा नाही. मृत थर लवकर काढणे, त्वचारोपण, वरून लावायची औषधे आणि संसर्ग सिद्ध झाल्यावर शिरेतून प्रतिजैविके, हाच भाजलेल्यांच्या उपचाराचा प्रस्थापित क्रम आहे. प्रकाशाला त्या क्रमात प्रतिजैविकाच्या जागी नव्हे, तर त्याच्या शेजारी स्थान मागता येईल, आणि तेही भाजलेल्या माणसांवर पुरेशी मोठी, नियंत्रित चाचणी झाल्यावरच.